बेगडवाले काकाजी आणि माझा पंखा

मे महिन्याची दुपार, मोहाडीचं ऊन, आणि तुम्ही नुकत्याच स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पंख्याखाली टेकलात. अशा वेळी दारातून कोणी आत येतो, चपला काढता काढता डावा हात भिंतीकडे नेतो आणि तुमच्या घरातला, तुमच्या बिलाचा, तुमचा पंखा खटकन बंद करतो. वर तुमच्याकडेच रागाने पाहतो. असा माणूस शेजारी असेल तर तुम्ही काय कराल? मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून हे सोसते आहे, आणि दरवेळी मला तेवढाच राग येतो. सवयीने राग कमी होतो म्हणतात ते खोटं आहे.

या माणसाचं नाव काशिनाथ सोनकुसरे. गल्ली त्यांना काकाजी म्हणते. वय सत्तरीच्या पुढे, अंगात मांस नाही, आवाज मात्र मंडपातल्या भोंग्याचा. "पंखा बंद." एवढे दोन शब्द म्हणजे त्यांचा नमस्कार, रामराम आणि कसं काय बरं आहे ना, सगळं त्यातच आलं. कूलर चालू असेल तर तिसरा शब्द: "थोही." म्हणजे तोही.

याचं कारण त्यांच्या धंद्यात आहे. घराणं कोष्ट्यांचं, कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, लुगडी विणणारं. पण काकाजींच्या वडिलांनी मागावरून उठून लग्नातली बाशिंगं करायला घेतली आणि काकाजींनी तेच पुढे चालवलं. कागदाला खळ लावायची, वर बेगडाचं पान बसवायचं, मग तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा. बेगड म्हणजे कथील ठोकून ठोकून केलेलं पातळ पान, वर लाल, हिरवा किंवा सोनेरी रंग चढवलेलं. इतकं हलकं की शेजारी कोणी मोठ्याने हसलं तरी ते उडून खळीत पडतं आणि वाया जातं. म्हणून काम चालू असताना पंखा नाही, बोलणं नाही, आणि पान उचलताना श्वाससुद्धा नाही. जन्मभर हे केल्यावर काकाजींना हलती हवा म्हणजे शत्रू वाटायला लागली. काम असो नसो, घर स्वतःचं असो परक्याचं असो, पंखा फिरताना दिसला की त्यांचा हात गेलाच.

बँकेत त्यांनी पंखा बंद केला तेव्हा रांगेतली माणसं त्यांच्या अंगावर धावून गेली. डॉक्टरने रक्तदाब तपासायला दंडाला पट्टा बांधला, तर हे पट्ट्यासकट उठले आणि पंखा बंद करून आले. डॉक्टर घामाघूम झाला आणि त्याने दोघांचाही रक्तदाब वाढल्याचं सांगितलं. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, पंखा बंद केला, आणि बायका भोवळ येऊन पडायच्या बेतात असताना स्वतः प्रसाद खाऊन शांतपणे निघून गेले. मी दारापर्यंत भांडत गेले. मला म्हणाले, "वंदनाबाई, तुमचा राग लई हाय. पित्ताचं औषध घ्या."

माझा राग लई हाय!

एकदा मी त्यांना अळूवड्या पाठवल्या, अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून. तासाभराने काकाजी दारात. हातात तीच फॉइल. धुतलेली, कवडीने घोटून एक सुरकुती न ठेवता सपाट केलेली, चार घड्या घातलेली. वड्यांबद्दल चकार शब्द नाही. ही वस्तू कोण बनवतो, हिला नाव काय, आणि त्या नावाचा अर्थ काय, हे त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं फॉइल, सिल्वर पेपर, काहीही म्हणा. झालं. पंखा बंद करून त्यांनी माझी शाळा घेतली. वर्ख वेगळा, तो चांदीचा, चामड्याच्या पानांमध्ये ठेवून कुटलेला, मिठाईवर बसतो आणि पोटात जातो. वर्ख या शब्दाचा अर्थच पान. बेगड कथलाचं, ते कपाळावर जातं, बैलाच्या शिंगावर जातं, देवाच्या मखरावर जातं. त्यांच्या लहानपणी किराण्याच्या दुकानात चहाच्या लाकडी पेट्या येत, त्यांना आतून चंदेरी पत्रा असे. तो सोलून आणायला त्यांचे वडील त्यांना पाठवत. पण ही फॉइल? "हे पत्र्याचं पोरगं हाय, शिकलं नाई अन् घरातून पळालं." बेगड या नावाचा उगम त्यांनी त्या दिवशी मला एक सांगितला आणि पोळ्याच्या दिवशी दुसराच. मी ते लक्षात आणून दिलं तेव्हा दोन्ही खरे आहेत म्हणाले.

मात्र जिला इतकी नावं ठेवली ती फॉइल त्यांनी परत दिली नाही. घडी खिशात घालून घेऊन गेले. चॉकलेटचा कागद, औषधाच्या पाकिटाची पाठ, अगरबत्तीच्या पुड्याची चांदी, जे चमकेल ते त्यांची बोटं आपोआप सपाट करतात. रस्त्यात वाकून उचलतात आणि ज्याने फेकलं त्याला शोधून शिव्या घालतात.

त्यांचा सगळ्यात मोठा राग मराठी भाषेवर आहे. खोट्याला ‘बेगडी’ म्हणतात हे त्यांना कधीच पटलेलं नाही. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवसांत आमच्याकडे नाटकाआधी एका पुढाऱ्याचं भाषण ठेवलं होतं. तो रंगात येऊन म्हणाला, विरोधकांचं शेतकऱ्यांवरचं प्रेम बेगडी आहे. पहिल्या रांगेतून काकाजी उठले.

"बेगडानं कधी म्हटलं का जी, मी सोनं हाय म्हनून? थे चमकते, बस. फसवते मानूस, अन् नाव बेगडाचं काहून?"

पुढारी हसला आणि बसा बाबाजी, बसा, म्हणाला. काकाजी बसले नाहीत. ते स्टेजवर चढले आणि पुढाऱ्याच्या पाठीमागचा उभा पंखा बंद करून खाली उतरले. त्यांच्याबद्दल मला अभिमान वाटला असा हा एकच प्रसंग, म्हणून मुद्दाम सांगितला.

पोळ्याला ते पार करडी गावापर्यंत जायचे, बैलांच्या शिंगांना बेगड लावायला. आता बैल राहिले किती? गेल्या खेपेला एका ओळखीच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर धुऊनपुसून, हळदकुंकू लावून उभा केला होता. काकाजींनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, याची शिंगं कुठे आहेत म्हणून त्या बिचाऱ्याला वाट्टेल ते बोलले, इमानी जनावर विकलं म्हणून त्याच्या बापाचा उद्धार केला, आणि मग तणतणतच दोन्ही दिव्यांच्या कडांना साठवलेल्या चॉकलेटची चांदी लावून परत आले. खरं बेगड मात्र लावलं नाही, कारण खरं बेगड आता त्यांच्याजवळ एकच गड्डी उरलं होतं.

या गड्डीची गोष्ट सांगायची म्हणजे काकींची सांगायला हवी. बेगडाचं काम एकट्याचं नसतं. एकाने पान उचलायचं आणि दुसऱ्याने समोर कागद धरायचा, आणि दोघांनीही श्वास धरायचा. काकाजींचा कागद काकी धरत. मी नवीन होते तेव्हा खिडकीतून पाहायची. दोघं समोरासमोर बसलेले, गाल फुगवून, डोळे वटारून, जसे काही एकमेकांवर रागावलेत. पान बसलं की दोघांचा श्वास एकदम सुटायचा आणि काकी हसायच्या. त्या गेल्या तेव्हा मुलगा प्रमोद शाळेत होता. त्यानंतर काकाजी कागद दोन विटांच्या मध्ये उभा करून काम करायला लागले. मदतीला मी जाऊन पाहिलं. तुमाले दम धरता येत नाई, मधेच बोलता, असं सांगून त्यांनी मला हाकललं.

पुढे प्लास्टिकच्या मोत्यांची आणि थर्माकोलची तयार बाशिंगं आली. काकाजींचं गिऱ्हाईक आटलं. इतवारी बाजारातला त्यांचा बेगडवाला दुकान बंद करणार असं कळलं तेव्हा ते नागपूरला गेले आणि शेवटची गड्डी घेऊन आले. ती पत्र्याच्या पेटीत गेली. ती प्रमोदच्या लग्नाच्या बाशिंगाची होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, कारण काकाजींनी ते सगळ्या गल्लीला दटावून सांगितलं होतं.

आणि प्रमोदने लग्न केलं. चिखल्याला मँगनीजच्या खाणीवर ट्रकवाल्यांचं एक ऑफिस आहे, तिथे तो नोकरीला होता. तिथल्याच कामगार वसाहतीतली प्रज्ञा, वडील खाणीत, ही सरकारी दवाखान्यात नर्स. घर बौद्ध. लग्न विहारात झालं. पांढरे कपडे, बुद्धवंदना, एकमेकांना हार, संपलं. काकाजींना प्रमोदने आधी सांगितलं होतं, बोलावलंही होतं. काकाजी गेले नाहीत.

मग आमची गल्ली काय बोलली ते मला इथे लिहायचंसुद्धा नाही. आजकाल कोन पाहते जी जातपात, असं म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात आवाज खाली आणायचा. ज्यांची स्वतःची पोरं लग्नावाचून बसली होती तेच जास्त हळहळत होते. काकाजींकडे सांत्वनाला लोक आले, जसं काही कोणी मेलंय. काकाजींनी पंखा बंद केला, सगळ्यांना घाम फोडला आणि म्हणाले, जात तुम्ही पाहत बसा, मी बाशिंग पाहतो. मुलीच्या कपाळाला बाशिंग नव्हतं. मुलाच्याही नव्हतं. एवढंच त्यांचं म्हणणं. दोघांनी यावं, माझ्या हातचं बाशिंग बांधून घ्यावं, मग उंबरा ओलांडावा, तोवर नाही.

खरंच एवढंच होतं का? मला शंका आहे. माणसाच्या मनात काय काय दडलेलं असतं ते त्याचं त्यालाही कळत नाही, आणि काकाजींना तर रागाआड काही दिसतच नव्हतं. मी प्रमोदला फोन केला. तो म्हणाला, "काकू, तिच्या घरी बाशिंग नसते. मी तिले बांध म्हननार नाई. बाबाले माझ्यापक्षा कथील मोठं झालं का?" मी हे जसंच्या तसं काकाजींना सांगितलं. त्यांनी मान फिरवली. मी मोबाइलवर लग्नाचा फोटो दाखवला. चष्मा लावून कितीतरी वेळ पाहत राहिले. मला वाटलं, विरघळले. म्हणाले, "कपाळ उघडं हाय."

मला असा संताप आला की मी मोबाइल त्यांच्या हातातून ओढून घेतला. बाप मोहाडीत, पोरगा चिखल्यात, मध्ये मोटारसायकलची तासाभराची वाट, आणि दोन वर्षं कोणी कोणाचं तोंड पाहिलं नाही. म्हातारा एकटा भात शिजवून खातो, तिकडे पोरगा दर सणाला मला फोन करून विचारतो, बाबा जेवले का. दोघांनाही रस्त्यात उभं करून बडवावं, असं मला कितीदा वाटलं!

अशात आमच्या मुलीचं, रेणूचं लग्न ठरलं. मुलाकडचे नागपूरचे, त्यांनी मोत्यांच्या मुंडावळ्या पसंतसुद्धा केल्या होत्या. काकाजींना कळलं, आणि ते ती पत्र्याची पेटी घेऊनच आमच्याकडे आले. पोराला नाही लागत तर रेणूला लागेल, म्हणाले. गड्डी तरी एकदाची सुटेल. मी नको म्हटलं; ते प्रमोदचं आहे, म्हटलं. तर माझ्यावरच ओरडले, की त्या नावाचं या गावात कोणी राहत नाही. आणि त्यांचा एक नियम होताच: बाशिंग लग्नघरीच करायचं, बाहेर करून आणायचं नाही.

म्हणजे काय झालं, ध्यानात घ्या. लग्नाचा आदला दिवस, मे महिना, घरात पाहुण्यांची दाटी, आणि माझ्या घरातली सगळ्यात मोठी, समोरची खोली काकाजींच्या ताब्यात. खिडक्या बंद. कूलर बंद. पंखा तर बंदच. पाहुणे मागच्या खोलीत एकमेकांच्या अंगावर बसलेले आणि पेटलेले. नागपूरचे माझे दीर अंगणात येरझाऱ्या घालत होते आणि दर फेरीला मला ऐकवत होते, की मंगल कार्यालय घेतलं असतं तर.

मी प्रमोदला आणि प्रज्ञाला लग्नाचं बोलावणं केलं होतं. रेणू त्याला राखी बांधते, त्यामुळे तो येणार हे नक्की होतं. फक्त संध्याकाळी या, मागच्या दाराने या, असं मी बजावून सांगितलं होतं. ते भर दुपारी आले. मोटारसायकल लावत होते तोच मंडपवाल्यांनी प्रमोदला दोर धरायला बोलावलं. प्रज्ञा पहिल्यांदाच आलेली, तिला घर काय माहीत? ती सरळ समोरच्या दाराने आत शिरली.

मी मधल्या दारात होते, हातात परात. मला तिला हाक मारायची होती, पण काकाजींनी तेवढ्यात पान उचललं होतं.

"दार लावा," ते मान वर न करता म्हणाले. तिने हळूच दार लावलं. "कागद धरा." कोणी पाहुणी असेल असं त्यांना वाटलं असणार. ती त्यांच्या समोर बसली आणि विटांमधला कागद उचलून तिने दोन्ही हातांत धरला. आणि मग मी पाहिलं, तिने गाल फुगवले. प्रमोदने तिला सगळं सांगून ठेवलं होतं. आईबद्दलही सांगितलं असणार.

एक पान बसलं. तिने गुपचूप श्वास घेतला आणि पुन्हा धरला. दुसरं बसलं. तिसरं. काकाजींचे हात झरझर चालायला लागले. विटांनी कागद धरलेला असताना असे चालत नव्हते. प्रज्ञा चिखल्यापासून उन्हातून आलेली, चेहरा लालबुंद, कपाळावरून घामाच्या धारा. हात अडकलेले म्हणून पुसता येईना, आणि हवा हलेल म्हणून ती हलेना. एक थेंब हनुवटीवर येऊन लोंबला. तो पानावर पडू नये म्हणून तिने मान वळवून तो स्वतःच्या खांद्यावर पाडला.

त्या हालचालीने काकाजींनी वर पाहिलं.

त्यांनी तिला ओळखलं. फोटो एवढा वेळ पाहिला होता तो काय उगाच? ते तिच्या कपाळाकडे पाहत राहिले. आता हा म्हातारा काय बोलतो आणि मी त्याला काय बोलते, याची मी मनात तयारी केली. उद्या लग्न असो की काही असो, आज याला सोडायचं नाही, असं ठरवलं.

"काहून सांगत नाई," ते एकदम ओरडले, "गरम होऊन रायलं म्हनून?"

ती बोलणार कशी? श्वास धरलेला होता. तिने फक्त डोळ्यांनी खाली, उघड्या गड्डीकडे दाखवलं.

काकाजी उठले. गुडघ्यावर हात टेकत, तोंडाने पुटपुटत. ते दाराकडे निघाले तेव्हा मला वाटलं, आता दार उघडून तिला बाहेरची वाट दाखवणार. त्यांचा डावा हात भिंतीकडे गेला. जन्मभर ज्या बटणावर तो हात फक्त एकाच कामासाठी गेला, त्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं आणि पंखा लावला.

गड्डी उघडी होती. पहिल्या फेऱ्यात वरची पानं उचलली गेली आणि दुसऱ्या फेऱ्यात सगळी. लाल, हिरवं, सोनेरी बेगड खोलीभर उडालं. पाहुण्यांच्या पिशव्यांवर, रुखवतावर, माझ्या परातीत. मागच्या खोलीतून पाहुणे धावत आले. पंखा लागला एवढंच त्यांना कळलं आणि त्यांनी देवाचे आभार मानले.

"बाबा," प्रज्ञाने विचारलं, "आता दम सोडू का?"

"सोड."

तिने इतका मोठा श्वास सोडला की समोरचं उरलंसुरलं एक पानही उडालं, आणि तिला हसू आलं. एक सोनेरी पान तिच्या घामेजल्या कपाळाला येऊन चिकटलं होतं, मधोमध. कपाळाला काही लागलंय हे तिला जाणवलं आणि तिने पुसायला हात वर केला. काकाजींचाही हात वर झाला, अर्ध्यावर थांबला.

"मनात असंल तं राहू दे," ते म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी कधीच ऐकला नव्हता. "नसंल तं पुसून टाक."

तिने हात खाली घेतला. समोरचं दार उघडून प्रमोद उभा होता, हातात अजून मंडपाचा दोर.

काकाजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे वळले आणि नेहमीच्या भोंग्यात म्हणाले, पाहत काय राहिलात, पोरीला पाणी द्या. मी स्वयंपाकघरात गेले, माठातून पाणी काढलं, आणि तिथेच उभी राहून रडले. आनंदाने वगैरे नाही. रागाने. दोन वर्षं! एका बटणाचं काम होतं.